डोली एकच हाय

अकोला, चैत्र वद्य पंचमी, शके १७८७

नत्थूभाऊ,

चुलीत घालायच्या आधी हे एकदा वाचा, मंग खुशाल घाला. आधीची दोन पत्रं तुमी न उघडताच रऊफच्या हाती परत धाडली. रऊफ बिचारा चांदूरच्या बाजाराले माल नेणारा गाडीवान, त्याले आपल्या घरचं काय? पान चावत मले सांगते, "तुम्हारे भाई बोले, कागज वापस." मी ती दोन्ही फाडून टाकली. त्यात नुसतं रडगाणं होतं. ह्यात नाही. दहा महिने झाले भाऊ, आता रडू येतही नाही.

अमरावतीच्या दवाखान्यानं मले महिनाभर अकोल्याले धाडलं हाय. सोबत डोली अन् चार भोई. मोर्णा नदीच्या पलीकडं आगगाडीच्या सडकेचं काम चालू हाय, हजारभर माणूस तंबूत राहते, अन् त्यात पटकी शिरली. आमचं काम काय असते ते मी तुमाले कधी सांगितलं नाही, तुमीही कधी विचारलं नाही. तुमाले वाटते सहदेव दवाखान्यात बसून जखमा धुते. धुतोच. पण कोणाचा हात कापसाच्या गाठी दाबायच्या पेचात गेला, कोणाच्या अंगावर गाडी उलटली, कोणाले पटकी लागली, की माणूस पळत येते अन् आमी डोली उचलून त्याच्या मागं पळतो. माह्या पिशवीत पट्ट्या, कापूर-हिंग-अफूच्या गोळ्या, मोहरीचं पीठ अन् एक दारूची बाटली. माणसाले जितं दवाखान्यात आणून टाकायचं, एवढंच आमचं काम. पुढचं डाक्तर पाहते.

परवा एका मजुराचा पाय कापला. मी त्याचे खांदे दाबून बसलो होतो. तो वरडून राहिला होता, अन् माह्या डोक्यात काय चालू होतं सांगू? भोयांची ज्वारी संपली, बाजारातून आणली पाह्यजे. पाय बादलीत पडला तवा मी ज्वारीचाच विचार करून राहिलो होतो. मले काही वाटत नाही भाऊ. लोकं म्हणतात सहदेव लय खंबीर. खंबीर कसचा, डोंबल!

आता कामाचं बोलतो. तुमी चावडीवर सांगितलं की दवाखान्याची डोली गावच्या शिवेत येऊ द्यायची नाही. डोली जिथं जाते तिथं माणूस मरते, असं तुमी म्हणता. अहो, माणूस मरायले टेकल्यावरच डोलीले बोलावणं येते! मागच्या महिन्यात आपल्या गावच्या दोन बाया गाडीतून आणता आणता वाटेतच गेल्या. डोलीनं आल्या असत्या तर काय झालं असतं ते देव जाणे, पण गाडीच्या हादऱ्यानं पटकीचा माणूस टिकत नाही हे मी डोळ्यानं पाहिलं हाय. ह्या उन्हाळ्यात पटकी अमरावतीच्या आजूबाजूले अजून पसरणार. माह्यावरचा राग माह्यावर काढा. गावावर नोका काढू.

अन् तुमच्या पोराचं, देवीदासचं. मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही, स्वतःच सांगतो. मागच्या ज्येष्ठात पावसाच्या आधी माल काढायची घाई होती, अमरावतीत राजापेठेच्या बाहेर वखारीत कापसाच्या गाड्यायची ही रांग. देवीदास तोलायच्या काट्यावर होता. त्या नोकरीले मीच त्याले लावून दिलं, तुमी नाही म्हणत होते. सकाळी वखारीतून बोलावणं आलं. गेलो तर दोघं पटकीनं पडले होते. एक मोर्शीकडचा गाडीवाला, अन् एक आपला देवीदास. डोली एक. मी दोघायचे हात पाहिले. गाडीवाल्याले उचललं. त्याले दवाखान्यात टाकलं अन् लगेच परत आलो, तवा सगळं आटपलं होतं.

एवढंच हाय. वहिनीले नमस्कार सांगा. सांगायचा नसला तर नोका सांगू.

सहदेव

अमरावती, वैशाख शुद्ध एकादशी

नत्थूभाऊ,

अकोल्याहून परत आलो. तुमचा निरोप रऊफनं सांगितला. डोली शिवेत दिसली तर कुऱ्हाडीनं तोडीन, अन् सोबत सहदेव असला तर त्याले पण. रऊफले सांगतानाही लाज वाटून राहिली होती. मले मात्र बरं वाटलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा तुमी माहं नाव घेतलं.

पत्र मात्र ठेवून घेतलं म्हणे. मंग आज अजून लिहितो.

इथं गावात एकच बोलणं चालू हाय, अमेरिकेतली लढाई सरली अन् कापसाचा भाव पडला. मागच्या साली ज्यायनं बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घातल्या ते आता शेंब्या काढून राहिले. तुमच्या बैलायच्या काढू नोका, शोभतात म्हणे. आमच्या धंद्यात मात्र मंदी नाही. रोज चार-पाच बोलावणी. दुसरी डोली बडनेऱ्याले आगगाडीच्या कामावर ठेवली हाय, म्हणून इथं एकच.

तुमी मले कधी विचारलं नाही की मी देवीदासले सोडून परक्या माणसाले काहून उचललं. नुसतं तोंड फिरवलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता न विचारता सांगतो.

आमचे डाक्तर अब्दुल सत्तार हैदराबादेत शिकले. साधा माणूस, खोटं बोलत नाही. पहिल्या दिवशी त्यायनं मले पटकीचा नियम शिकवला. पटकीत माणूस थंड पडते, डोळे आत जातात, बोटायची कातडी धुणं धुतल्यावाणी सुरकुतते, तरी मनगटाले नाडी असली तर आशा असते. मनगटाची नाडी सुटली की तो माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. मंग डोलीत मढं वाहण्यात दुसरा जिता माणूस मरते. "नब्ज है तो उठाव. नहीं तो पानी पिलाव, आगे चलो. डोली एकच हाय." शेवटचं ते मराठीत बोलत, भोयांना समजावं म्हणून. मी तो नियम कितीदा पाळला त्याची गणती नाही. मायबापायच्या समोर पाळला. बायका पाय धरायच्या तरी पाळला.

वखारीत मी देवीदासचं मनगट धरलं. काही नव्हतं. दुसरं धरलं. काही नव्हतं. गाडीवाल्याचं धरलं, लागली. बारीक होती पण लागली. तो माणूस जगला. दिवाळीले गुळाची भेली घेऊन दवाखान्यात आला होता, माह्या पायावर डोकं ठेवलं. भेली भोयांनी वाटून खाल्ली.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं. मी मनगट सोडलं तवा देवीदासनं डोळे उघडले अन् म्हणाला, "काका, मले उचल." पटकीत माणूस शेवटपर्यंत बोलते, ते काही जगायचं लक्षण नाही. मी त्याले म्हटलं, आत्ता येतो.

तुमी आता म्हणाल, एवढं कसं लिहितो हा बेशरम. मी पण तेच म्हणून राहिलो.

पण भाऊ, गावाले डोली येऊ द्या. आपल्या शिवारापासून कोसभरावर कालच तिघं पडले.

सहदेव

अमरावती, वैशाख वद्य द्वितीया, सकाळ

नत्थूभाऊ,

रऊफनं आत्ताच सांगितलं की वहिनी पहाटेपासून पडली हाय. चावडीवरचा घोडेस्वार तिकडंच निघाला, त्याच्या हाती हे देतो, तो आमच्या आधी पोचेल. डोली घेऊन निघालो. चार कोस हाय, दुपारच्या आत येतो. तिले गाडीत घालू नोका, कोणी काही म्हटलं तरी घालू नोका. पाणी मागितलं तर द्या.

तुमाले कुऱ्हाड घ्यायची असली तर घ्या, पण वहिनीले डोलीत घातल्यावर. आडवे येऊ नोका, तुमच्या पाया पडतो.

सहदेव

अमरावती, वैशाख वद्य चतुर्थी

नत्थूभाऊ,

वहिनी जिती हाय. हे आधी लिहितो. काल संध्याकाळी लघवी झाली, डाक्तर म्हणाले आता भीती नाही. आज सकाळी तिनं लुगड्याचा पदर नीट केला अन् मले म्हणाली, घरी लहानीची वेणी कोण घालून राहिलं. तुमी पोरीपाशी राहिले ते बरंच केलं, इथं बाहेरच्या माणसाले आत घेत नाहीत.

तुमी शिवेवर उभे होते, हातात कुऱ्हाड होती. ती तुमी खाली ठेवली नाही, पण बाजूले झाले. मी तुमच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

वहिनीचा हात पाहिला अन् उचला म्हटलं. आमचा भोयांचा म्होरक्या शालिकराम, सोळा वर्षं डोली वाहते, तो जरा थांबला, माह्या तोंडाकडं पाहून राहिला. मी परत म्हटलं, उचल. तवा त्यानं उचललं. निघता निघता कोणीतरी म्हटलं, मारुतीच्या मागं आशाबाई पण पडली हाय, सरकी काढणारी. तिलेही पाहिलं. गोळी दिली, पाणी दिलं, डोली परत येते म्हणून सांगितलं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या शालिकरामले परत धाडलंही. पुढचं तुमाले ठाऊक हाय, तुमीच तिले मसणात पोचवून आले असाल. तिच्या मागं कोणी नव्हतं.

वाटेचं सांगतो. भोयांची एक रीत हाय. दर पाव कोसाले खांदा बदलतात, अन् बदलताना आतल्या माणसाले नाव विचारतात. नाव आलं तर पाय उचलून चालतात. तीनदा आलं नाही तर डोली खाली ठेवून मले बोलावतात. शालिकरामनं विचारलं, "बाई, नाव सांगा." आतून आवाज आला, "देवीदासची माय." दुसऱ्यांदा विचारलं, तेच. वाळगाव मागं टाकलं तवा आवाज एवढा बारीक झाला होता की शालिकरामनं वाकून पडद्याले कान लावला, अन् मंग मले म्हणाला, तेच म्हणते. चार कोसांत सोळा वेळा विचारलं. मैना म्हणून एकदाही सांगितलं नाही तिनं.

गोळी तिच्या पोटात ठरून नाही राहिली. तवा शालिकरामनं आपल्या लोट्यातली आंबील दिली, भोई उन्हात पितात ती, ज्वारीची, मीठ घातलेली. तुमाले आवडणार नाही, भोयाच्या लोट्यातली. मी नाही म्हटलं नाही. ती घोट घोट करून सगळी प्याली, अन् आंबील पोटात ठरली. दुसऱ्या भोयाचीही दिली. दवाखान्यात आल्यावर डाक्तरायनं विचारलं काय दिलं, मी सांगितलं आंबील. ते पुढच्या खाटेकडं गेले.

आता तिले भूक लागून राहिली हाय. खिचडी मागते. डाक्तर पेजच देतात, म्हणून चिडली हाय. चिडलेली वहिनी मी लय दिवसांनी पाहिली. मले बरं वाटायले पाह्यजे होतं. अजून वाटलं नाही, पण वाटेल.

सहदेव

अमरावती, वैशाख वद्य दशमी

नत्थूभाऊ,

काल रऊफ आला. वहिनीसाठी लुगडं, माह्यासाठी धोतरजोडी अन् तुमचा निरोप. त्यानं तो पाठ करून आणला होता, भर दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून म्हणून दाखवला, अन् ह्यावेळी मराठीत: "सहदेवले सांग, माह्या मनातलं गेलं. तो नियमानं वागला. देवीदासच्या हाताले नाडी नव्हती, त्याच्या मायच्या हाताले होती, ज्याच्या त्याच्या नशिबाचं. अक्षय तृतीयेले आला नाही, आता आखाडीले तरी घरी जेवायले ये." रऊफचे डोळे भरले. मले म्हणाला, मुबारक हो. मी त्याले पाणी दिलं.

धोतरजोडी मी घेतली नाही. रऊफच्याच गाडीत परत ठेवली हाय, हे पत्र वाचल्यावर तुमालेच परत मागावीशी वाटली असती म्हणून.

वहिनीच्या हाताले नाडी नव्हती.

दोन्ही मनगटं पाहिली. तीनदा पाहिली. तुमी शिवेवरून मागं येऊन दारात उभे होते, तुमाले दिसलं ते एवढंच की मी हात धरून बसलो. शालिकराम माह्या तोंडाकडं काहून पाहत होता ते आता समजलं असेल. त्यानं माह्याआधीच तिचा हात पाहिला होता, सोळा वर्षांत ते त्यालेही येते. अन् आशाबाईले नाडी होती. चांगली लागत होती. नियमानं आशाबाईले उचलायचं होतं, वहिनीले पाणी पाजून पुढं जायचं होतं. मी नियम मोडला. मोडताना मले वाटलं, वहिनी वाटेतच जाईल, पण निदान तिले टाकून आलो असं तुमी म्हणणार नाही. जगवायले नाही उचललं भाऊ. तुमच्या भीतीनं उचललं. ती जगेल असं मले वाटलंच नव्हतं. चालता चालता मी वाळगावात लाकडं कुठं मिळतील ते आठवून राहिलो होतो.

अन् ती जगली.

त्या रात्री मले काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी पेज घेऊन गेलो, तवा ती आपलंच मनगट दोन बोटांनी दाबून पाहून राहिली होती. म्हणाली, "भाऊजी, नाडी इथंच असते न?" म्हटलं, हो. "आता लागते. तवा होती का?" भाऊ, मी रोज खोटं बोलतो. मरणाऱ्याले म्हणतो काही नाही होत, आत्ता बरं वाटेल. एक खोटं अजून बोलायले काय जात होतं? पण तोंडून निघालं, "नव्हती."

ती मनगट तसंच दाबून बसली. पेजेवर साय आली. मंग म्हणाली, "अन् देवीदासची?"

मी म्हटलं, नव्हती.

"मंग त्याले उचललं असतं तर?"

मी म्हटलं, ठाऊक नाही वहिनी.

ती रडली नाही. तिनं मले शिव्या द्यायले पाह्यजे होत्या, तिच्या तोंडी शिव्या काही कमी नाहीत, तुमाले ठाऊक हाय. दिल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "त्यायले तुमीच सांगा. माह्याच्यानं सांगवत नाही." म्हणून सांगतो. नाहीतर मी सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवतो. धोतर नेसून आखाडीले आलो असतो, पुरणपोळी खाल्ली असती.

मी डाक्तरायकडं गेलो. म्हटलं साहेब, नाडी नसलेला माणूस जगला. ते हात धूत होते. म्हणाले, "होता है कभी कभी. किताब में भी लिखा है." मी म्हटलं, किताबात लिहिलं हाय तर मंग मले नियम काहून दिला? त्यायनं हात पुसले. त्या माणसानंही पाच दिवस खाटेवर पाठ टेकली नव्हती. म्हणाले, "सौ में दस बचते होंगे, सहदेव. दस के लिए डोली किधर से लाऊं?" अन् परत तेच, डोली एकच हाय. मले राग येत नाही त्यायचा. यायले पाह्यजे.

शंभरात दहा. देवीदास त्या दहात होता की नव्हता, हे कोणीच सांगू शकत नाही. मी तुमाले तेवढंच सांगून थांबलो असतो तर तुमी कदाचित म्हणाले असते, असू दे, नशीब. म्हणून राहिलेलं सांगतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, लगेच परत आलो. मी लगेच परत आलो नव्हतो. राजापेठेपासून दवाखाना किती दूर हाय, तुमी पाहिलं हाय. त्या गाडीवाल्याले खाली ठेवून फिरलो असतो तर अर्ध्या घटकेत वखारीत असतो. डोली रिकामी होती, भोई उभे होते. शालिकरामनं विचारलंही, "चलायचं का?" मी म्हटलं, आता काय घाई हाय. नियमानं देवीदास मेलेलाच होता. मी हात धुतले. भोयांसोबत बसून भाकर खाल्ली, सोबत कांदा होता. चिलीम ओढली. दुपार उलटल्यावर गेलो.

वखारीचा चौकीदार मले म्हणाला, तो मघापर्यंत बोलत होता. पाणी मागत होता, चौकीदारानं दोनदा पाजलं. माह्या वाटेकडं तोंड करून पडला होता. मी चौकीदाराले म्हटलं, कोणाले सांगू नको.

दहा महिने मी माह्या मनाले सांगून राहिलो की मी नियमानं वागलो. तुमीही आता तेच म्हणता. माणूस टाकून पुढं जा एवढंच नियमात होतं. भाकर खायले नियमानं सांगितलं नव्हतं.

आशाबाईसाठी कोणी मले काही विचारलं नाही, विचारणारही नाही. तिची नाडी मले अजून बोटाले लागते. हे कोणाले तरी सांगायचं होतं, तुमालेच सांगतो.

कालपासून मी मनगट पाहणं सोडलं. काल बडनेऱ्याच्या वाटेवर दोघं पडले होते, मी जवळचा उचलला. तो वाटेतच गेला. दुसऱ्याचं काय झालं ते विचारायले मी परत गेलो, रिकामी डोली घेऊन लगेच गेलो, तर त्याले त्याच्या माणसायनं कुठंतरी नेलं होतं. कोणत्या गावचे, कोणीच सांगेना. दुपारभर डोली घेऊन वाट तुडवत होतो. शालिकराम म्हणाला, भाऊ, आता बस करा, भोयांचे खांदे सुजले.

वहिनी आता भिंत धरून चालते. डाक्तर परवा सोडतील. सकाळी लवकर या, उन्हाच्या आधी. गाडीत गवत जाड टाका अन् वर वाकळ, हादरे बसू नयेत. दोन लोटे आंबील आणा, मीठ जास्त घाला. तिले वाटेत काही विचारू नोका, ती बोलली तर ऐका.

मी दारातच उभा राहीन, आत जाऊन बसणार नाही. तुमाले मले मारायचं असलं तर मारा. पण आधी तिले गाडीत बसवा.

सहदेव